चित्रकला की नाट्यशास्त्र: फी, खर्च आणि पुढचं काम

छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे आणि विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग. फी पत्रकावरून तुलना केली की फसगत ठरलेली.

चित्रकलेसाठी दृश्यकलेची पदवी घ्यावी लागते, ती 4 वर्षांची. प्रवेशाच्या सीईटीत वस्तुचित्र (समोरची वस्तू पाहून), स्मरणचित्र (आठवणीतून), संकल्पचित्र (डिझाइन) आणि सामान्यज्ञान असतं. पोरं वस्तुचित्र घोटतात नि स्मरणचित्रात अडकतात. माणसाच्या हालचाली पाहून काढायची सवय नसते.

खरा खर्च सामानाचा. तयार कॅनव्हास महाग पडतो. कोरं कापड आणा, लाकडी चौकटीवर मधोमध ठोकून कोपऱ्यांकडे ताणत न्या आणि प्रायमरचे, म्हणजे अस्तराचे 2 हात द्या. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. अस्तर न लावता तैलरंग चढवला तर तेल कापडात मुरतं, काही वर्षांत कापड कुजतं. पांढरा रंग सगळ्यात आधी संपतो, त्याची मोठीच ट्यूब घ्यावी.

नाट्यशास्त्रात सामान जवळपास शून्य, पण तालमी रात्रीपर्यंत चालतात. परभणी-हिंगोलीच्या मुलाने खोली विभागाजवळच घ्यावी, शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नये.

पुढे काय? दृश्यकलेतल्या उपयोजित कला शाखेला जाहिरात आणि छपाईत काम लवकर मिळतं. रंगकलेला, म्हणजे पेंटिंगला वेळ लागतो. शाळेत शिकवायचं असेल तर कला शिक्षक पदविका वेगळी पाहा. नाटकवाल्यांनी प्रकाशयोजना किंवा नेपथ्य पक्कं करावं, नुसत्या अभिनयावर घरभाडं निघणं अवघड. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा.