गिरसप्पाचे जुने पोस्टकार्ड आणि प्लास्टिकचे पाकीट

इंदूरमध्ये जुनी पोस्टकार्डे, तिकिटे आणि नाणी जमवणारी मराठी मंडळी बरीच आहेत, आणि त्यांपैकी कोणाचीही माझ्यासारखी फसवणूक होऊ नये म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

राजवाड्याच्या परिसरातील जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर गिरसप्पाच्या धबधब्याचे एक रंगीत पोस्टकार्ड दाखवले. शरावती नदी येथे सुमारे २५३ मीटर खाली कोसळते. १९६४ साली पूर्ण झालेल्या लिंगनमक्की धरणानंतर तिचे पाणी बरेच अडवले गेले, त्यामुळे राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट हे चारही प्रवाह भरभरून वाहताना दाखवणाऱ्या जुन्या चित्रांना संग्राहकांत मोल आहे. दुकानात मी ते कार्ड भिंगाखाली पाहिले. चित्रात छपाईचे ठिपके नव्हते, कोलोटाइप या जुन्या छपाई पद्धतीत दिसतो तसा बारीक, अनियमित कण होता. पाठीमागे सातव्या एडवर्डचे तिकीट आणि १९०८ सालचा पुसट शिक्का होता. कार्ड अस्सल होते, याबद्दल मला आजही शंका नाही.

साडेचार हजार रुपये हाती पडताच, "दादा, नीट पाकिटात घालून देतो," असे म्हणून तो आतल्या खोलीत गेला आणि कडा चिकटपट्टीने बंद केलेले प्लास्टिकचे पाकीट घेऊन आला. अदलाबदल झाली ती त्या खोलीत.

घरी पाकीट उघडल्यावर भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके स्पष्ट दिसले. तिकिटाच्या दातेरी कडेवरून नख फिरवले तर ते कोठेही अडकले नाही, कारण तिकीटही चित्रासोबतच छापलेले होते! मूळ कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला घडी होती. तीही या नकलेत रेघेच्या रूपाने होती, पण कागद मात्र सपाट होता. नोटा तपासण्याच्या अतिनील टॉर्चखाली तो निळसर पांढरा चमकला. अशी चमक कागदाला शुभ्र करणाऱ्या ज्या रसायनांमुळे येते, ती कागदात वापरली जाऊ लागली साधारण १९५० च्या सुमारास.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याने, "तुम्ही स्वतः पाहून घेतले होते," एवढेच उत्तर दिले, आणि त्याचा हा बचाव आधीच ठरलेला असावा असे माझे मत आहे. त्याने पूर्वी पाठवलेली छायाचित्रे, पैसे दिल्याची नोंद आणि ती नक्कल जोडून मी पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली अर्ज दिला असून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली आहे. चौकशी अजून सुरू आहे.

जुने कार्ड घेताना पाकीट आपल्यासोबत न्यावे आणि एकदा तपासलेली वस्तू पुन्हा विक्रेत्याच्या हाती देऊ नये. हाच विक्रेता सध्या आल्प्समधील एका धबधब्याचे कार्ड "१८९५ सालचे, इंग्लंडमध्ये छापलेले" म्हणून दाखवत आहे. त्याच्या पाठीवर मजकूर आणि पत्ता वेगळा करणारी उभी रेघ आहे, आणि पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहिण्याची मुभा ब्रिटनने दिली ती १९०२ साली.