जिओपॉलिमरसाठी सिलिकेट: तयार घ्यावं की टाकाऊ काचेतून काढावं?

जिओपॉलिमर म्हणजे सिमेंटशिवाय बनणारं काँक्रीटसारखं बांधकाम साहित्य. त्यात सिमेंटची जागा फ्लाय ॲश (कोळसा जाळून उरलेली बारीक राख) आणि पोलाद कारखान्यातली स्लॅग (धातू वितळवताना उरणारी मळी) घेतात. पण त्यांना बांधून ठेवायला कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट लागतं, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

तयार सिलिकेट भरवशाचं. सिलिका आणि सोड्याचं प्रमाण ठरलेलं, त्यामुळे मिश्रण किती वेळात घट्ट होईल याचा अंदाज बांधता येतो. मात्र ते वाळू आणि सोडा ॲश १००० अंश सेल्सिअसहून जास्त तापमानाला वितळवून बनतं. सिमेंट टाळून वाचवलेल्या कार्बनचा मोठा वाटा इथेच परत खर्च होतो.

बाटल्यांच्या काचेत सुमारे ७० टक्के सिलिका असतेच. तिची बारीक पूड कॉस्टिकच्या द्रावणात १०० अंशांच्या आसपास काही तास तापवली, की बरीच सिलिका उतरते. रंगीत, मिसळलेली काचही चालते, जी नव्या बाटल्यांसाठी अनेकदा नाकारली जाते. हे मला फार मोलाचं वाटतं. अडचण दळण्याची: पूड भरड राहिली तर ती अर्धवट विरघळते आणि प्रत्येक घाण्याची ताकद बदलते.

म्हणून खांब-तुळयांसाठी तयार सिलिकेट, पेव्हर ब्लॉक आणि विटांसाठी काच. कॉस्टिक दोन्हीकडे आहे. हातमोजे आणि चष्मा हवेतच.