कार्नेगींचं मोफत पेन्शन की टीआयएए?

अमेरिकेतल्या प्राध्यापकांना म्हातारपणी आधार देण्याचे दोन मार्ग पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींच्याच पैशातून निघाले.

पहिला १९०५ चा. १ कोटी डॉलरची देणगी, त्यातून प्रतिष्ठान, आणि निवृत्त प्राध्यापकांना मोफत पेन्शन. खिशातून दमडीही भरायची नाही. पण धर्मपंथांच्या ताब्यातली कॉलेजं यादीबाहेर. तिथे नोकरी धरली की पेन्शनची खात्री उरत नसे. शिवाय पात्र माणसं वाढत गेली, निधी मात्र ठरावीकच. हा हिशेब टिकणार नाही हे प्रतिष्ठानचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट यांनी वेळीच ओळखलं. चालू दान बदलायला धैर्य लागतं, ते त्यांनी दाखवलं.

त्यातूनच निघालेला दुसरा मार्ग १९१८ चा: टीआयएए ही शिक्षकांसाठीची ना-नफा विमा संस्था. हप्ता प्राध्यापक आणि कॉलेज दोघांनी भरायचा. करार प्राध्यापकाच्या नावाचा, नोकरी बदलली तरी तो सोबत जाणार. पगारातली कपात सोसावी लागते, हे खरं. तरीही मी याच मार्गाच्या बाजूने आहे. इथलं पेन्शन हे स्वतःच्या नावावर साठलेलं, हक्काचं. पुढे १९५२ मध्ये महागाईला तोंड देण्यासाठी शेअर्सवर आधारलेली सीआरईएफ योजनाही तिला जोडली गेली.