आईस हॉकीची सही: पत्र पाठवून मिळवावी की पैसे मोजून घ्यावी?

कॉलेज रोडला राहणारा एक मुलगा मागच्या महिन्यात घरी आला. टोरांटोला मावशीकडे गेला असताना त्याने आईस हॉकीची मॅच पाहिली आणि वेडच लागलं. हातात १५ हजार रुपये होते आणि एकच प्रश्न होता: "काका, खेळाडूंना पत्रं लिहू की सरळ विकत घेऊ?" नाशिकमध्ये बसून या खेळाच्या सह्या जमवणारे आम्ही मोजकेच. पहिल्या वर्षी प्रत्येकजण याच प्रश्नाशी अडतो, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितोय.

पत्राचा मार्ग स्वस्त आहे, पण संथ. को-या इंडेक्स कार्डांची (सही घ्यायच्या जाड, छोट्या कागदी पट्ट्यांची) जोडी, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट आणि हाताने लिहिलेलं अर्धं पान, एवढंच पाठवायचं. अडचण परतीच्या तिकिटाची. आपलं भारतीय तिकीट तिकडच्या टपालात चालत नाही. अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर त्याच्याकडून 'ग्लोबल फॉरेव्हर' तिकिटं मागवून ठेवा; एका तिकिटावर हलकं पाकीट जगात कुठेही जातं. कॅनडातल्या खेळाडूला मात्र कॅनडाचंच तिकीट लावून द्यावं लागतं. उत्तर यायला महिने लागतात, काही पाकिटं परत येतच नाहीत. आज खेळणाऱ्या मोठ्या नावांपेक्षा निवृत्त खेळाडू जास्त उत्तरं देतात. माँट्रियलचे जाँ बेलिव्हो तर चाहत्यांच्या पत्रांना मनापासून उत्तर देण्यासाठी आणि सुवाच्य, देखण्या सहीसाठी प्रसिद्ध होते. २०१४ साली ते गेले.

या मार्गाचा खरा धोका वेगळाच आहे. पाकीट क्लबच्या पत्त्यावरून आलं म्हणून आतली सही खेळाडूच्या हातची असेलच असं नाही. ती रबरी शिक्क्याची असू शकते, सचिवाने केलेली असू शकते, ऑटोपेन नावाच्या यंत्राने काढलेली किंवा फोटोबरोबरच छापलेली असू शकते. माझे वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते, त्यामुळे भिंग हातात आलं ते शाळेत असतानाच. तेच भिंग इथेही कामी येतं. छापील सहीत रंगाचे बारीक ठिपके दिसतात. यंत्राच्या सहीत दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो. माणसाचा हात कुठे जोर देतो, कुठे सुटतो. एकाच खेळाडूच्या दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर दोन्हींवर संशय घ्या.

विकत घेण्यात वेळ वाचतो, पण भरवसा आपोआप मिळत नाही. सुरुवातीच्या काळात मी या खेळातले दिग्गज गॉर्डी हाव यांचा सही असलेला फोटो ऑनलाइन घेतला. सोबत सोनेरी काठाचं प्रमाणपत्र होतं. भिंगाखाली धरला तर नुसते ठिपके. त्या रात्री झोप लागली नाही. नंतर वाचलं की अमेरिकेत एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम चालवून खेळाडूंच्या खोट्या सह्या करणारी मोठी टोळी पकडली, आणि त्या मालासोबत खोटी प्रमाणपत्रंही विकली जात होती. म्हणून विक्रेत्याने स्वतः छापलेल्या कागदाला मी शून्य किंमत देतो. पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासून देणाऱ्या कंपन्यांचा क्रमांक असेल तर तो त्यांच्याच संकेतस्थळावर तपासायचा आणि तिथलं वर्णन हातातल्या वस्तूशी ताडून पाहायचं. हेही लक्षात ठेवा की बहुतेक वेळा हा तज्ज्ञांचा अभिप्राय असतो. त्यांच्या माणसासमोर झालेल्या सहीची नोंद वेगळी असते, आणि तिचं वजन जास्त.

आता किंमत. नाव जितकं मोठं तितकी सही महाग, हा समज पहिल्यांदा सोडा. २०१६ साली गेलेल्या हाव यांनी आयुष्यात उदंड सह्या केल्या. म्हणून एवढ्या मोठ्या खेळाडूची अस्सल सही आजही काही हजारांत मिळते. याउलट गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना १९२६ साली ३९व्या वर्षी क्षयाने गेले. त्यांच्या नावाची ट्रॉफी दरवर्षी दिली जाते, पण सही क्वचितच दिसते. रशियाचे व्हालेरी खार्लामोव्ह १९८१ साली ३३व्या वर्षी अपघातात गेले; तिथेही तोच हिशोब. या खेळातलं सगळ्यांत गाजलेलं नाव, वेन ग्रेट्झकी, यांच्या बाबतीत मी अपर डेक या कार्ड कंपनीचा होलोग्राम असल्याशिवाय हात लावत नाही, कारण मागणी प्रचंड आणि नकलाही तितक्याच. भाव बघताना विक्रेता काय मागतोय ते पाहू नका, ती वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली ते पाहा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात. फोटोची तुलना फोटोशीच करा, पकची (खेळातल्या काळ्या रबरी चकतीची) पकशी. वर कस्टम ड्युटी आणि टपालखर्च धरा, नाहीतर स्वस्त वाटलेली वस्तू दारात येईपर्यंत महाग होते.

वस्तू कोणती, यावर माझं मत पक्कं आहे. जर्सी आणि स्टिक सोडून द्या, टपालखर्च आणि जागा दोन्ही खातात. पक दिसतो रुबाबदार, पण काळ्या रबरावरची चंदेरी शाई घासली की जाते. फोटोला नाशिकचा पावसाळा मानवत नाही. माझा एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला तो कायमचाच. सुरुवातीला सगळ्यांत शहाणपणाचं म्हणजे खेळाडूंची चित्रकार्डं छापणाऱ्या कंपनीच्या बंद पाकिटातून निघालेलं सहीचं कार्ड, कारण सही अस्सल असल्याची हमी कार्डाच्या पाठीवरच छापलेली असते. त्यातही सही थेट कार्डावर आहे की वरून लावलेल्या स्टिकरवर, ते बघा. थेट सहीला भाव चांगला येतो. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका, आणि श्रावणात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

त्या मुलाला मी सांगितलं: १० हजारांत हाव यांची तपासलेली एकच सही किंवा दोन-तीन कार्डं घे, उरलेल्यात २० पत्रं टाक. आणि जमलं तर जानेवारीत लेहला जा. आपल्या महिला संघाने २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. हिवाळ्यात त्या तिथल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, खेळताना दिसतात. त्या सहीला आज बाजारात भाव नाही, पण ती तुझ्या डोळ्यांदेखत झालेली असेल. कार्डाच्या मागे तारीख आणि जागा पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेव.