पेन्सिलीतलं बुकिंग

आमच्या धाकटीच्या लग्नात ४,५१,००० रुपये बुडाले. लग्नाला जो खर्च झाला तो यात धरलेला नाही. पुढच्या मोसमात इंदुरात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी, लाज बाजूला ठेवून, लिहिते आहे.

मुलगी पुण्याला, जावई बंगळूरला, यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. टेंटवाला, हलवाई, फुलवाला, बँड यांच्यामागे धावणार कोण? म्हणून वेडिंग प्लॅनर. तिघांना भेटलो. पहिला सगळा वेळ फोनवरच होता. दुसरीनं प्रत्येक गोष्टीचा दर वेगळा मांडला आणि मागच्या तीन लग्नघरांचे नंबर न मागता दिले. ती आम्हाला महाग वाटली. तिसरा घरी आला, सासूबाईंच्या पाया पडला, सोफ्यावर टेकायच्या आत म्हणाला, "काकू, सीमांतपूजनाचे चौरंग तुमचे, की आम्ही आणू?"

आमचा निकाल तिथेच लागला. इतकी वर्षं इंदुरात राहून मांडववाल्याला मुंडावळ्या म्हणजे काय ते हिंदीतून समजावलेलं आहे मी. इथे मुलगा स्वतःहून अंतरपाट, अक्षता, रुखवताची टेबलं म्हणतोय. पोहे झाले, चहा झाला, त्याचं आजोळ आमच्या माहेरच्या गल्लीपाशी निघालं. त्याच्या धंद्याबद्दल मात्र एकही प्रश्न आम्ही विचारला नाही.

सासूबाईंनी विचारला. टॅबवर तो "आपलं बायपासचं काम" म्हणून एका मॅरेज गार्डनचे, म्हणजे लग्नाच्या लॉनचे, फोटो दाखवत होता. त्या चष्मा पुसून म्हणाल्या, "बायपासला नारळ कधी लागले रे?" तो हसला. "आजी, डेकोरेशनचे असतात." तीस फुटी नारळ, झावळ्या वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या, आणि म्हणे डेकोरेशनचे! आम्हीही हसलो. नंतर मुलीनं तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, तर केरळातल्या एका रिसॉर्टचा निघाला. अर्धं मिनिट लागलं तिला.

पॅकेज ८,५०,००० ला ठरलं. ५१,००० शगुन म्हणून दिले. मग "काकू, देवउठनीनंतर तारखा मिळत नाहीत, मलमासाच्या आत सगळ्या इंदुराला लग्न उरकायचंय," म्हणत गार्डनसाठी २,५०,००० घेतले. तारखांबद्दल (कार्तिकी एकादशी ते डिसेंबरच्या मध्यात लागणारा मलमास) तो खरंच बोलत होता, म्हणून तर घाई पटली. दिवाळीच्या तोंडावर हलवायाच्या नावानं आणखी १,५०,००० गेले. हे शेवटचे पैसे त्यानं स्वतःच्या वहिनीच्या खात्यात टाकायला सांगितले, फर्मच्या खात्याची "लिमिट संपली" होती. हे पुटपुटले, मीच त्यांना गप्प केलं. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलंत तर १८ टक्के वर जातील, कशाला?"

कोटेशनच्या तळाला जीएसटी नंबर छापलेला होता, त्यावर आम्ही निर्धास्त. त्या नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, मध्य प्रदेशचे २३. आमच्या कागदावर होते २७, म्हणजे महाराष्ट्र. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, ते फुकट दिसतं. भलत्याच माणसाचं भलतंच दुकान निघालं. करार स्टँप पेपरवर होता म्हणून मी वकिलाकडे मोठ्या तोऱ्यात नेला. त्यानं बोट ठेवून दाखवलं: करारात "गार्डन" असा शब्द आहे, कुठलं गार्डन ते कुठेच नाही.

कळलं ते लग्नाला तेवीस दिवस असताना. रुखवताची टेबलं कुठे लागतील ते बघायला मी नणंदेला घेऊन गार्डनवर गेले. मॅनेजरनं लांबलचक रजिस्टर उघडलं. आमच्या तारखेला निळ्या पेनानं दुसऱ्याच घराचं नाव. त्याच्याखाली खोडलेल्या पेन्सिलीचा करडा डाग, आणि डागात आमच्या प्लॅनरच्या नावाची पहिली दोन अक्षरं अजून वाचता येत होती. आमचं नाव कधी नव्हतंच. "मैडम, ये तो पेन्सिल में था," तो म्हणाला. "पेन से तब चढ़ता है जब आधा पैसा आ जाए।" त्याच्याकडे ११,००० आले होते, मुदत महिन्यापूर्वी संपली होती.

म्हणून पहिली गोष्ट ही: प्लॅनरला त्याची फी द्या. गार्डनचे पैसे गार्डनला, हलवायाचे हलवायाला, आणि पावती स्वतःच्या नावाची. पैसे भरले त्याच आठवड्यात जाऊन रजिस्टर डोळ्यांनी बघा. हलवायाला मी त्या संध्याकाळी फोन केला, त्यानं आमचं आडनावही ऐकलेलं नव्हतं.

प्लॅनर दोन दिवस "टेन्शन नका घेऊ काकू" म्हणत राहिला, मग फोन बंद. विजयनगरचं काचेचं ऑफिस म्हणजे दिवसाच्या भाड्यावर घेतलेलं टेबल होतं. ठाण्यात "ये तो लेन-देन का मामला है" ऐकलं. मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, अर्ज दिला तेव्हा कुठे कागद हलला. पैसे वेळेवर न देणं वेगळं आणि बुक न केलेलं बुक झालंय सांगून पैसे उकळणं वेगळं. दुसऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे फसवणुकीचं, लागतं, हे वकिलानं अर्जात नीट लिहून दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "गार्डन डन, काकू" हेच आमचं सगळ्यात मोठं हत्यार. चॅट पुसू नका, रागानं तर मुळीच नाही. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. त्याला दोन वर्षांची मुदत असते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी विचारायचं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा. पैसे अजून आलेले नाहीत.

लग्न झालं. तीनशेचे एकशे चाळीस पाहुणे केले, ओळखीच्या कार्यालयात, जमिनीवर पंगत. मसालेभात पहिल्या पंगतीलाच संपत आला होता, ते असो.

त्या दिवशी चारच्या सुमारास यांना अनोळखी नंबरवरून फोन आला. घोडीवाला. प्लॅनरनं दिलेल्या चिठ्ठीवर यांचा नंबर होता. घोडी सजवून तो बायपासच्या गार्डनपाशी उभा होता, वरात कुठाय विचारत होता. सगळ्या लग्नात त्या मुलानं खरोखर बुक केलेली ती एकच वस्तू, २,१०० रुपये आगाऊ देऊन. यांनी त्याला कार्यालयावर बोलावून घेतलं. जावई वीस पावलांसाठी घोडीवर बसला. उरलेले ३,००० हातात देताना यांनी पावती मागितली. घोडीवाला आधी हसला, मग खिशातून विडीचं पाकीट काढून त्याच्या मागं लिहून दिलं, पेनानं.