देणगीची अट: कार्नेगींची की गेट्सची?

आईवडिलांच्या नावे संस्थेला पैसे द्यायचे म्हटलं की रक्कम पटकन ठरते, घोडं अडतं ते अटीपाशी. अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी कार्नेगी आणि गेट्स यांच्या अटींच्या दोन तऱ्हा होत्या. मी दोन्ही करून पाहिल्या, म्हणून लिहितो.

पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींची रीत सरळ. गावाने जागा द्यायची, देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी वाचनालयावर खर्च करण्याची हमी द्यायची, की इमारतीचे पैसे मिळणार. त्यांचे सचिव जेम्स बर्ट्रम सगळं टपालाने उरकायचे. अशी अडीच हजारांवर वाचनालयं झाली. पण काही गावांनी पुढे हमी पाळलीच नाही.

फ्रेडरिक गेट्स (बिल गेट्स नव्हेत) हे अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातले बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे पाद्री. पिठाच्या गिरण्यांचे मालक जॉर्ज पिल्सबरी ओवाटोना गावच्या बाप्टिस्ट शाळेला मृत्युपत्रातून 2 लाख डॉलर ठेवणार होते. गेट्स म्हणाले, आत्ता 50 हजारच द्या, तेही बाप्टिस्टांनी तेवढेच जमवले तर. बाकीचे मृत्युपत्रात ठेवा. मग वर्गणीसाठी स्वतःच दारोदार फिरले. 1889 मध्ये तेलसम्राट जॉन रॉकफेलरांनी शिकागो विद्यापीठासाठी 6 लाख डॉलर कबूल केले, ते गेट्स यांच्याच खटपटीमुळे. आणि अट होती की इतरांनी 1 जून 1890 च्या आत 4 लाख उभे करावेत. ते झाले. 1891 पासून रॉकफेलरांच्या दानाचा कारभार या पाद्र्याच्या हाती आला, आणि तो कारभार 1913 च्या रॉकफेलर फाउंडेशनपर्यंत पोचला.

आता माझं. वडिलांच्या नावे एका वाचनालयाला खोली बांधून दिली, कार्नेगी पद्धतीने: दरवर्षी दहावा हिस्सा पुस्तकांवर. ठराव झाला, सही-शिक्का झाला. दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलली. ‘तो ठराव आमच्या वेळचा नाही.’ खोलीत सतरंज्या आणि मांडवाचं सामान. बांधलेली खोली काही परत मागता येत नाही! दर जूनमध्ये फोन करून आठवण द्यायची, म्हणजे देणगी देऊन वसुलीला मीच. हे फोन मला नको झाले.

आईच्या वेळी दुसऱ्या संस्थेला सांगितलं: तुमची लोकवर्गणी खात्यात दिसू दे, तेवढाच चेक माझा. नऊ महिने लागले. पण 51 रुपयांची पावती फाडलेला माणूस आता नियतकालिक आलं नाही की स्वतःच विचारायला जातो. मला फोन करावा लागत नाही.

अर्थात, जिथे वर्गणी द्यायची ऐपतच नाही, तिथे ही अट म्हणजे थट्टा ठरेल. छत गळत असेल, तर कार्नेगीच बरे. एरवी माझा कल कुठे आहे ते तुम्हाला कळलंच असेल. फक्त पत्रात मुदतीची तारीख घाला. गेट्सनी घातली होती, मी विसरलो, म्हणून ते नऊ महिने.