वसुबारसेच्या फलकावर काय लिहाल: वशिंड, ककुद की कुबड?

वसुबारसेला ठाण्यातल्या काही सोसायट्यांत आवारात गाय-वासरू आणतात. मुलांसाठी गाईचं चित्र काढून अवयवांची नावं लिहायची टूमही निघते. शिंग, खूर, कास लिहून होतं आणि गाडी खांद्यावरच्या उंचवट्याशी अडते.

कुबड आधीच बाद करा. मूळ संस्कृत ‘कुब्ज’, अर्थ माणसाची वाकलेली पाठ. देशी गाईचा उंचवटा हे व्यंग नव्हे, स्नायू आणि चरबीचा तो तिचा हक्काचा भाग आहे. मदार उंटाची, तीही नको.

उरले दोन. ककुदाचं घराणं मोठं. मूळ अर्थात शिखरही आलं. अमरकोश त्याचे तीन अर्थ देतो: प्राधान्य, राजचिन्ह आणि बैलाचा हा अवयव. पाणिनीने तर या शब्दासाठी खास सूत्र केलं. जनावराचं वय सांगायचं असेल, तर समासात ‘ककुद’चं ‘ककुत्’ होतं. ‘असंजातककुत्’ म्हणजे उंचवटा न आलेलं, अर्थात कोवळं वासरू; ‘पूर्णककुत्’ म्हणजे ऐन उमेदीतला बैल. आपण दात बघून वय ठरवतो, ही मंडळी खांद्यावरून ठरवत होती! रामरक्षेतला ‘काकुत्स्थ’ही इथलाच. इंद्र बैल झाला, त्याच्या ककुदावर बसून लढला तो राजा ककुत्स्थ, आणि राम त्याच्या वंशातला.

वशिंडाला असा पोथीचा थाट नाही, पण ते आजही चालतं-बोलतं आहे. जू बैलाच्या वशिंडापुढे मानेवर टेकतं, त्यामुळे शेतकऱ्याची नजर रोज तिथेच असते. मुरबाडकडे म्हसा यात्रेच्या बैलबाजारात ‘ककुद कसं आहे?’ विचारून बघा, विकणारा तुमच्याकडेच बघत राहील.

तेव्हा चित्रातल्या बाणापुढे वशिंडच लिहा, असं माझं मत. फ्लॅटमधल्या मुलांना दोन्ही शब्द सारखेच नवे. मग निदान गावी गेल्यावर उपयोगी पडेल तो द्यावा. ककुद मात्र वाया घालवू नका. संध्याकाळी रामरक्षा म्हटली जाणार असेल, तर काकुत्स्थाची गोष्ट फलकाखाली चार ओळींत द्या. घाईत खरडलेली असेल, तर नकोच.

आणि हो, गाय कुठली येणार ते आधी विचारून घ्या. जर्सी आली, तर मुलं वशिंड शोधत बसतील.